डबीतला रविवार

माझ्या गोळ्यांची एक डबी आहे. निळ्या प्लास्टिकची, सात खणांची, प्रत्येक झाकणावर वाराचं पहिलं अक्षर. अँजिओप्लास्टी झाल्यावर मुलीने आणून दिली. शनिवारी रात्री हिने, म्हणजे बायकोने, सगळे खण भरायचे आणि आठवडाभर मी ते रिकामे करायचे, असं घरात ठरून गेलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये एका बुधवारी ताई सिंहगड रोडवरून आली. चहा उकळेपर्यंत तिने ती डबी हातात घेतली आणि रविवारचं झाकण उघडलं. आत पाचही गोळ्या तशाच होत्या. सोमवारच्याही. मंगळवारच्या तीन उरल्या होत्या.

ताई काही बोलली नाही. झाकण टक् करून लावलं, डबी फ्रिजवर जिथल्या तिथे ठेवली आणि मग हळूच विचारलं, "झोप लागते का रे तुला?"

या प्रश्नाने माझं सगळं बदललं, म्हणून त्याच्यापासून सुरुवात केली. आता मागचं सांगतो.

२०२३ ची दिवाळी उरकली आणि आठ-दहा दिवसांनी पहाटे छातीवर कुणीतरी पाटा ठेवल्यासारखं झालं. डावा हात जड, घामाने बनियन भिजलेला. मुलाने वेळ घालवला नाही. कोथरूडहून पंधरा मिनिटांत दवाखान्यात, तासाभरात स्टेंट, पाचव्या दिवशी घरी. वय त्रेपन्न. येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच म्हणायचा, "वेळेत गेलात म्हणून वाचलात, आता काही काळजी नाही." मीही मान डोलवायचो.

पहिले तीन आठवडे खरंच बरे गेले. नंतर काय बिघडलं ते मला नेमकं तारखेनं सांगता येत नाही. पहाटे साडेतीनला जाग यायला लागली. पाण्याची मोटर सुरू होईपर्यंत छताकडे बघत पडायचं. डॉक्टरांनी रोज अर्धा तास चालायला सांगितलं होतं. बूट दाराशी आणि मी खुर्चीत. पेपर उघडायचो, एकाच बातमीवर दहा मिनिटं जायची आणि बातमी डोक्यात शिरायची नाही. आणि राग. मुलाने स्कूटर तिरकी लावली म्हणून, वॉचमनने गेट उशिरा उघडलं म्हणून, कुकरची शिट्टी झाली म्हणूनसुद्धा. एका रात्री जेवायला बसलो, वरणात मीठ नाही म्हणून ताट ढकललं. वरण फरशीवर सांडलं. ही फडकं घेऊन खाली बसली आणि फरशीच्या सांध्यात गेलेलं पिवळं पाणी टिपत राहिली, एक शब्द न बोलता. मी तसाच उठून गॅलरीत गेलो. चोवीस वर्षांच्या संसारात मी असं कधी केलं नव्हतं.

घरच्यांनी याचा अर्थ लावला तो असा: "हार्टचा पेशंट आहे, चिडचिड होणारच." मीही तोच लावला. थकवा? हृदय कमजोर झालंय. झोप नाही? गोळ्यांमुळे. भूक नाही? अळणी जेवण. प्रत्येक गोष्टीला शरीरातलं एक कारण हजर होतं.

डिप्रेशन हा शब्द मला नवीन नव्हता. ताईला ते होऊन गेलं होतं, आणि म्हणूनच मला माझं ओळखता आलं नाही. माझ्या डोक्यात डिप्रेशन म्हणजे २०१२ सालची ताई. ओट्याशी उभी राहून भाजी चिरता चिरता डोळ्यांतून पाणी. मान, खांदे, डोकं सतत दुखणारं. वजन वाढलेलं, दुपारी झोपली की उठवत नसे. मी तर एकदाही रडलो नव्हतो.

ताईचं निदान व्हायला दीड वर्ष लागलं होतं. तेव्हा ती सेहेचाळीस वर्षांची. हिमोग्लोबिन नऊ निघालं, लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. थायरॉइडचा टीएसएच अकराच्या वर, त्याचीही गोळी सुरू झाली. दोन्ही आकडे जागेवर आले. दुखणं आणि रडणं तसंच राहिलं. मानेचा एमआरआय झाला. एक डॉक्टर म्हणाले, "पाळी जायचं वय आहे, होतं असं." आणि मी, तिचा सख्खा भाऊ, म्हणालो होतो, "ताई, जरा घराबाहेर पड, भिशीला जात जा." त्या वेळी तिच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या आणि ताईला सलग चार तास झोप मिळत नव्हती. हे मला माहीत असून मी भिशीचं बोललो, याची खंत मला आजही आहे. शेवटी त्यांच्या जुन्या फॅमिली डॉक्टरांनी रिपोर्टची फाईल बाजूला सारून विचारलं, "झोप लागते का तुम्हाला?" ताई तिथेच कोसळली. तेच वाक्य तिने बारा वर्षांनी मला विचारलं.

तपासणीची एक संधी माझ्याही हातून गेली होती. जानेवारीत हृदयाच्या फॉलोअपला गेलो तेव्हा नर्सने एक कागद दिला होता. नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत किती वेळा असं झालं, शून्य ते तीन. पीएचक्यू-९ म्हणतात त्याला, जगभर वापरतात. एकूण सत्तावीसपैकी दहा किंवा जास्त आले की पुढे नीट तपासायचं. मी बाकावर बसून दोन मिनिटांत भरला. दुसराच प्रश्न उदास, निराश वाटण्याबद्दल होता. मला उदास वाटत नव्हतं, मला राग येत होता. शून्य. झोप, थकवा, भूक, लक्ष न लागणं यांना हृदयाचं कारण होतंच, म्हणून तिथे एक-एक. बेरीज चार. कागद फायलीत लागला आणि मी घरी आलो.

मार्चमधल्या त्या बुधवारी ताईने माझ्यासमोरच तिच्या सायकियाट्रिस्टना फोन लावून शनिवारची वेळ घेतली. मी नाही म्हणालो. पुण्यात वाढलेल्या माणसाला "याला येरवड्याला धाडा", म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे वाक्य लहानपणापासून ऐकून माहीत असतं, आणि ते पोटात कुठेतरी बसलेलं असतं. ताई म्हणाली, "मी गेले तेव्हा तूच गाडीवर सोडलं होतंस. आता मी रिक्षाने येते तुला घ्यायला." आली. हिलाही बरोबर घेतलं.

क्लिनिक एरंडवण्यात, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर. डॉक्टर बाई साठीच्या असाव्यात. त्यांनी "उदास वाटतं का" हे विचारलंच नाही. विचारलं, गाडी चालवताना शिव्या देता का? घरात शेवटचं कधी हसलात? संध्याकाळी किती घेता? शेवटचं पिक्चर किंवा मॅच पूर्ण कधी पाहिली? मग हिच्याकडे वळून, "तुम्ही सांगा." हिने वरणाचं ताट सांगितलं नाही. एवढंच म्हणाली, "हे घरात असतात, पण नसतात." मग डॉक्टरांनी तोच नऊ प्रश्नांचा कागद दिला, पण या वेळी एकेक प्रश्न मोठ्याने वाचून, हिच्यासमोर. बेरीज सतरा.

मी म्हणालो, डॉक्टर, पण मी रडत नाही. तेव्हा त्यांनी स्वीडनमधल्या गॉटलंड बेटाची गोष्ट सांगितली. १९८३-८४ मध्ये तिथल्या सगळ्या जनरल डॉक्टरांना डिप्रेशन ओळखायचं प्रशिक्षण दिलं. आत्महत्या कमी झाल्या. नीट पाहिलं तर त्या मुख्यतः बायकांच्या कमी झाल्या होत्या, पुरुषांच्या जवळजवळ तशाच. डॉक्टरांना शिकवलेलं डिप्रेशन रडणाऱ्या, स्वतःहून दवाखान्यात येणाऱ्या माणसाचं होतं. पुरुष डॉक्टरांकडे येतच नव्हते, आले तर अंगदुखी सांगत होते, आणि घरी चिडत, पीत होते. त्यावरून पुढे पुरुषांसाठी वेगळी प्रश्नावली तयार झाली, तिच्यात चिडचिड, बेफिकिरी, दारू यांचे प्रश्न आहेत. मला तिथे बसल्या बसल्या वाटलं, ही माझी गोष्ट आहे.

बाईंकडून आणि नंतर स्वतः वाचून जे कळलं ते असं. डिप्रेशन बायकांत पुरुषांच्या साधारण दुप्पट आढळतं. लहान मुला-मुलींत हा फरक नसतो. वयात येताना तो सुरू होतो आणि पुढे राहतो. बाळंतपणानंतरचे महिने आणि पाळी जाण्याआधीची वर्षं विशेष जोखमीची. थायरॉइडचे विकार बायकांत जास्त. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय होता, त्याच वयाच्या पुरुषांत २५ टक्के. थकवा या एका तक्रारीमागे बाईच्या बाबतीत इतकी कारणं एकमेकांत गुंतलेली असतात. शिवाय घरातल्या आजाऱ्याची रात्रपाळी बहुतेक तिच्याच वाट्याला येते. हे सगळं हार्मोनच्या खात्यावर टाकणं मला पटत नाही. ताईची चार तासांची झोप कुठल्याही हार्मोनने हिरावली नव्हती.

आणि दुसरी बाजू. २०२२ मध्ये आपल्या देशात १ लाख ७० हजारांवर आत्महत्यांची नोंद झाली, त्यात दर दहात सात पुरुष. निदान बायकांचं जास्त होतं, मरतात पुरुष जास्त.

डॉक्टरांनी हेही थेट विचारलं, आवाज न बदलता. "जगू नये असं वाटतं का?" मी नाही म्हणालो. मग थोड्या वेळाने माझ्याच तोंडून निघालं, "कधी कधी वाटतं, त्या पहाटे उशीर झाला असता तर बरं झालं असतं." ही माझ्याकडे बघतच राहिली. आणि तेव्हा मला त्या डबीतल्या गोळ्या आठवल्या. स्टेंट बसवल्यानंतर रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या मध्येच सोडल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते, हे मला डिस्चार्जच्या दिवशी दोनदा समजावलं होतं. मी विसरत नव्हतो, घेत नव्हतो. घरी आल्यावर हिने टेली-मानसचा १४४१६ हा नंबर कागदावर लिहून फ्रिजला चिकटवला. सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. तो कागद अजून तिथेच आहे.

पहिल्याच दिवशी गोळी मिळाली नाही. आधी रक्ताच्या तपासण्या: टीएसएच, हिमोग्लोबिन, सोडियम, साखर, ब१२ जीवनसत्त्व. वर एक ताजा ईसीजी. थायरॉइड ठीक निघालं. ब१२ फार कमी. पुण्यातल्या मध्यमवयीन पुरुषांत ब१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे इथल्याच केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी फार पूर्वीच दाखवून दिलंय. शाकाहारी घरात तर विचारायलाच नको. इंजेक्शनं सुरू झाली. तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा ६.८ वरून ७.९ वर गेला होता. मधुमेह असलेल्यांत डिप्रेशन जास्त आढळतं आणि डिप्रेशन असलेल्यांना मधुमेह जास्त होतो, दोन्हीकडून वाट आहे.

मी सगळा दोष हृदयाचे ठोके संथ ठेवणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या गोळीला देत होतो. बाई म्हणाल्या, तिने थोडा थकवा येऊ शकतो, पण तिने डिप्रेशन येतं हा जुना समज आहे, पुढच्या अभ्यासांत तो टिकला नाही. खरं नातं दुसरीकडे आहे. हार्ट अटॅकनंतर साधारण पाचांतल्या एकाला मोठं डिप्रेशन येतं. कॅनडात मॉन्ट्रियलला २२२ पेशंटांचा एक अभ्यास झाला, १९९३ मध्ये छापून आला. ज्यांना अटॅकनंतर डिप्रेशन होतं त्यांच्यात पुढच्या सहा महिन्यांत मृत्यू कितीतरी जास्त होते, आणि हृदयाचं नुकसान किती झालंय हे हिशेबात धरूनही फरक उरत होता. शरीरात ताणाचं कॉर्टिसॉल चढलेलं राहतं, आतली सूज वाढते, रक्तातल्या प्लेटलेट लवकर चिकटतात, हृदयाच्या ठोक्यांचा लवचिकपणा कमी होतो. आणि याहून साधी गोष्ट म्हणजे माणूस चालत नाही, गोळ्या घेत नाही. माझे बूट आणि माझी डबी. यासाठी मला मॉन्ट्रियलला जायची गरज नव्हती.

डिप्रेशनवरचं औषध ठरलं ते सर्ट्रालीन. हृदयाच्या पेशंटांवर ते मुद्दाम तपासलेलं आहे. २००२ मध्ये ३६९ जणांवरचा अभ्यास आला आणि ते सुरक्षित ठरलं. जुन्या काळच्या काही गोळ्या हृदयाला चालत नाहीत, म्हणून ही निवड. बाईंनी कार्डिऑलॉजिस्टना माझ्यासमोर फोन केला. एक सावधगिरी दोघांनीही सांगितली: अ‍ॅस्पिरिन आणि दुसरी रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना सर्ट्रालीनने रक्तस्राव होण्याची शक्यता थोडी वाढते. शौच काळी झाली, हिरड्यांतून रक्त आलं, अंगावर उगाच काळेनिळे डाग दिसले तर लगेच कळवायचं, आणि दुखण्याची कुठलीही गोळी मनाने घ्यायची नाही.

चिठ्ठी घेऊन मी आमच्या सोसायटीखालच्या मेडिकलवाल्याकडे गेलो नाही. नळ स्टॉप चौकातल्या दुकानात गेलो. दोन महिने तिथूनच आणत होतो. हृदयाच्या गोळ्या खालून आणि मनाची गोळी नळ स्टॉपवरून.

पहिला आठवडा वाईट गेला. मळमळ, पातळ शौच, अंगात एक विचित्र चुळबूळ. दुसऱ्या आठवड्यात सोडून द्यावंसं वाटलं. बाईंनी आधीच बजावलं होतं की त्रास आधी येतो आणि गुण नंतर, दोन ते चार आठवड्यांनी, कधी सहा. ही रोज रात्री गोळी हातावर ठेवायची आणि मी गिळेपर्यंत उभी राहायची. अजून एक गोष्ट लिहितो, कारण पुरुष याच कारणाने गोळी गुपचूप बंद करतात: शरीरसंबंधाची इच्छा कमी झाली. मी तीन आठवडे गप्प राहिलो. मग सांगितलं. बाईंनी डोस आणि वेळ बदलून दिली, बरंचसं सुधारलं. सांगायला एक मिनिट लागलं.

गोळीबरोबर दर पंधरवड्याला समुपदेशकाकडे. तरुण मुलगा होता, माझ्या पुतण्याच्या वयाचा. त्याने एक दोनशे पानी वही आणायला लावली. रोज काय केलं ते तासावार लिहायचं आणि शेजारी बरं किती वाटलं ते शून्य ते दहा. पहिल्या आठवड्यात खुर्ची, खुर्ची, जेवण, खुर्ची, आणि आकडे एक-दोन. मग त्याने म्हातोबा टेकडीची पायरी ठरवून दिली. टेकडी चढायची नाही, फक्त पायथ्यापर्यंत जाऊन यायचं, मन असो वा नसो. "मन झाल्यावर जाईन" असं मी म्हणायचो, तो म्हणायचा, "काका, उलटं आहे, आधी पाय, मन मागून येतं." पाचव्या आठवड्यात, १९ एप्रिलला, मी पहिल्यांदा वरच्या सपाटीपर्यंत गेलो. उन्हाने गवत पिवळं पडलं होतं, खाली कुठेतरी लाऊडस्पीकर चालू होता. वहीत त्या तासाशेजारी सहा लिहिलंय. त्या सहाकडे मी बराच वेळ बघत होतो.

जूनमधल्या एका भेटीत बाईंनी मला थांबवून हिला विचारलं, "आणि तुम्हाला झोप लागते का?" हिने तोंडावर पदर घेतला. त्या पहाटेपासून सात महिने ती माझा श्वास चालू आहे ना हे बघायला रात्रीतून तीन-तीनदा उठत होती. कुणी तिला काही विचारलं नव्हतं, मी तर नाहीच. तिचीही तपासणी झाली. हिमोग्लोबिन साडेनऊ. तिला मनाची गोळी लागली नाही. लोहाच्या गोळ्या लागल्या, आणि आठवड्यातून तीन रात्री मी बाहेरच्या खोलीत आणि मुलगा माझ्या सोबतीला, म्हणजे तिला सलग झोप.

सप्टेंबरात माझी बेरीज तीन आली. ब्लड प्रेशर आटोक्यात, साखरेचा आकडा ६.९. बरं वाटल्यावरही सर्ट्रालीन निदान सहा ते नऊ महिने चालू ठेवायची असते, ती ठेवली. आता सोसायटीखालच्या मेडिकलमधूनच आणतो. मेडिकलवाला पूर्वी आवाज खाली करून नाव वाचायचा, आता करत नाही.

२०२५ च्या जानेवारीत ताईचा फोन आला. जिना चढताना जबड्यात आणि पाठीत दुखतं, छातीत जळजळतं, दम लागतो. ती एका डॉक्टरांकडे जाऊन आली होती. त्यांनी तिच्या जुन्या औषधांची यादी पाहिली, डिप्रेशनची गोळी पाहिली आणि म्हणाले, "टेन्शन घेता तुम्ही. अ‍ॅसिडिटी आहे." साधा ईसीजीसुद्धा काढला नाही.

माझ्या अंगाचं पाणी झालं. माझ्या वेळी शरीराच्या आड मन लपलं होतं, आणि तिच्या वेळी मनाच्या आड शरीर लपत होतं. बायकांचं हृदयाचं दुखणं पुष्कळदा असंच येतं, जबड्यात, पाठीत, दम आणि मळमळ होऊन. ठरीव पाटा छातीवर येईलच असं नाही. त्यात कागदावर डिप्रेशन लिहिलेलं असलं की ऐकणारा तिथेच थांबतो. डिप्रेशन झालेल्या बाईला हृदयरोगाचा धोका उलट जास्त असतो.

मी विचारलं, "ताई, रिक्षा करू की गाडीवर येतेस?" ती म्हणाली, "अरे, उगाच कशाला." मी म्हणालो, "तू विचारलं होतंस का मला?"

माझ्याच कार्डिऑलॉजिस्टकडे नेलं. ईसीजीत थोडा बदल, पट्ट्यावर चालवून करतात ती स्ट्रेस टेस्ट अर्ध्यात थांबवावी लागली, पुढच्या आठवड्यात अँजिओग्राफी. एका नळीत सत्तर टक्के अडथळा. स्टेंट लागला नाही, औषधांवर भागलं. तिची डिप्रेशनची गोळी कुणी बंद केली नाही. दोन्ही डॉक्टरांनी एकमेकांशी बोलून यादी एक केली.

घरी आल्यावर मी तिच्यासाठी डबी घेऊन गेलो. निळी मिळाली नाही, हिरवी मिळाली. शनिवारी रात्री आठ वाजता मी तिला फोन करतो. आधी ती तिची डबी भरते, मग मी माझी, आणि दोघंही झाकणं लावताना वार मोठ्याने म्हणतो. रविवारपासून.